कादंबरीवरचा आपटलेला विनोदी सिनेमा नीट कसा बघायचा

एखादी कादंबरी वाचताना आपण पोट धरून हसलेलो असतो, मग कळतं की हिच्यावर सिनेमापण आलाय, मोठे स्टार आहेत, नावाजलेला दिग्दर्शक आहे, आणि लगेच पुढे कळतं की तो साफ आपटला. बहुतेक लोक तिथेच विषय सोडून देतात. मला ते पटत नाही. पुस्तक आणि पडलेला सिनेमा शेजारी शेजारी ठेवून बघितले ना, की विनोद नेमका कशाने होतो हे लख्ख दिसतं. चांगल्या सिनेमात ते दिसत नाही कारण तिथे सगळं इतकं बेमालूम बसलेलं असतं की सांधे सापडतच नाहीत, पडलेल्यात सांधे उघडे असतात. तर हे कसं करायचं ते सविस्तर लिहितेय. उदाहरण शेवटपर्यंत एकच धरते, बाकीची येता जाता.

उदाहरण आहे 'द बॉनफायर ऑफ द व्हॅनिटीज'. टॉम वुल्फची कादंबरी १९८७ ची, अमेरिकेत तुफान खपली. सिनेमा २१ डिसेंबर १९९० ला आला, दिग्दर्शक ब्रायन डी पाल्मा, कलाकार टॉम हँक्स, ब्रूस विलिस, मेलनी ग्रिफिथ, मॉर्गन फ्रीमन. खर्च सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलर आणि अमेरिकेत तिकीटबारीवर आले दीड कोटीच्या आसपास, वर सगळ्यात वाईट सिनेमांना दिल्या जाणाऱ्या रॅझी पुरस्काराची पाच नामांकनं. गोष्ट थोडक्यात अशी की शर्मन मॅकॉय हा न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर बाँड म्हणजे कर्जरोखे विकणारा बडा माणूस, पार्क अ‍ॅव्हेन्यूवर घर, बायको, लहान मुलगी आणि बाहेर मारिया नावाची मैत्रीण. एका रात्री मारियाला एअरपोर्टवरून आणताना त्याची मर्सिडीज रस्ता चुकून ब्राँक्स या शहराच्या गरीब भागात शिरते, वाटेत टायर पडलेला, दोन काळे तरुण गाडीकडे येतात, हे दोघं घाबरतात, झटापट होते, मारिया स्टिअरिंग धरते, हेन्री लँब नावाच्या पोराला धक्का बसतो आणि हे पळून जातात. पुढे सरकारी वकील, धर्मगुरू, दारुडा पत्रकार, ज्याला त्याला या केसमध्ये स्वतःचा फायदा दिसतो आणि जो तो आपली पोळी भाजून घेतो. नाव आलंय फ्लॉरेन्समधल्या १४९७ च्या त्या होळीवरून, जिच्यात साव्होनारोला या कडव्या धर्मोपदेशकाच्या माणसांनी आरसे, चित्रं, पुस्तकं, उंची कपडे असल्या 'चैनीच्या' वस्तू जाळल्या होत्या.

तुम्हाला दुसरी जोडी घ्यायची असेल तर खुशाल घ्या, फक्त दोन गोष्टी बघून घ्या. एक म्हणजे कादंबरी वाचून तुम्ही स्वतः हसलेले असलं पाहिजे, लोक हसले म्हणून चालणार नाही. दुसरं म्हणजे सिनेमा करणारी माणसं कामात तयार असली पाहिजेत. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे, कारण ज्यांना धड कॅमेरा लावता येत नाही त्यांचा सिनेमा पडला तर त्यातून कळणार काय? डी पाल्माने याच्या आधी 'कॅरी' केला होता, 'द अनटचेबल्स' केला होता, कॅमेऱ्यामागे व्हिल्मोस झिगमंडसारखा माणूस होता. एवढी तयारीची माणसं असून हसू येत नाही, म्हणजे गडबड खोल कुठेतरी आहे.

आता वाचायचं आणि बघायचं कोणत्या क्रमाने, यावर लोक खूप वाद घालतात. आधी पूर्ण पुस्तक वाचलं तर सिनेमाभर आपण 'हे गाळलं, ते गाळलं' एवढंच मोजत बसतो. आधी सिनेमा बघितला तर पुस्तक वाचताना शर्मनच्या जागी टॉम हँक्सच दिसत राहतो, मग लेखकाने उभा केलेला माणूस डोळ्यांसमोर येतच नाही. माझं उत्तर मधलं आहे. पुस्तकाची पहिली साठसत्तर पानं वाचा, निवेदकाचा आवाज कानात बसेपर्यंत. मग सिनेमा एका बैठकीत पूर्ण बघा, मग पुस्तक परत सुरुवातीपासून शेवटपर्यंत. कादंबरी साडेसहाशे पानांच्या घरात आहे, घाई करू नका. वुल्फचं इंग्रजी पहिल्यांदा अंगावर येतं, वाक्यात उद्गारचिन्हं, टिंबं, हसण्याचे आणि ठसक्यांचे आवाज जसेच्या तसे स्पेलिंग करून घातलेले, कोण कुठल्या गल्लीतला ते उच्चारावरून कळावं म्हणून शब्द मोडून लिहिलेले. जड गेलं तर ऑडिओबुक लावा आणि पुस्तक समोर ठेवा, आवाजातून बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात.

रिव्ह्यू मात्र आत्ता वाचू नका. एकदा का लोकांनी दिलेली कारणं डोक्यात बसली की आपले डोळे तेवढंच शोधतात.

आता मुख्य काम. पुस्तक वाचताना हातात पेन्सिल ठेवा आणि जिथे जिथे हसू येईल तिथे कडेला एक अक्षर लिहा. काय घडलं यामुळे हसू आलं तर 'घ', कोणी काही बोललं म्हणून आलं तर 'ब', लेखकाने सांगितलं ते ज्या पद्धतीने सांगितलं त्यामुळे आलं तर 'स', आणि पात्राच्या मनात काय चाललंय ते आपल्याला दिसल्यामुळे आलं तर 'म'. एवढंच. फार विचार न करता लिहीत जायचं, चुकलं तरी चालतं. घ आणि ब पडद्यावर नेता येतात, कारण घडलेलं दाखवता येतं आणि बोललेलं ऐकवता येतं. स आणि म यांना कॅमेऱ्यापुढे जागाच नसते, त्यांच्यासाठी पटकथा लिहिणाऱ्याला नवीन काहीतरी शोधावं लागतं. माझ्या कॉपीत पानंच्या पानं नुसते म आणि स आहेत, आणि सिनेमा का पडला असेल याचा अर्धा अंदाज मला तिथेच आला.

एक प्रसंग जवळून बघू, पहिल्याच प्रकरणातला. शर्मनला मारियाला फोन करायचाय, घरातून करता येत नाही, म्हणून तो बायकोला सांगतो की कुत्र्याला फिरवून आणतो. बाहेर पाऊस. कुत्र्याचं नाव मार्शल, त्याला जायचंच नाही, तो पाय रोवून बसतो आणि हा दिवाणखान्याबाहेरच्या संगमरवरावरून त्याला ओढत नेतोय. कसाबसा रस्त्यावर येऊन पब्लिक फोन गाठतो, नंबर फिरवतो, समोरून बाईचा आवाज येतो, हा मारियाला बोलवा म्हणतो. आणि समोरून उत्तर येतं, शर्मन? तू आहेस का? घाईत स्वतःच्या घरचाच नंबर फिरवलेला असतो, फोनवर बायको.

आता यात किती अक्षरं आली बघा. चुकून बायकोलाच फोन लागणं हे 'घ', ते कोणीही दाखवू शकेल, सिनेमात दाखवलंय पण. पण पुस्तकात आपण मोठ्याने हसतो ते त्याच्या आधी जे पेरून ठेवलंय त्यामुळे. शर्मन मनातल्या मनात स्वतःला 'विश्वाचा स्वामी' म्हणवून घेतो. हे नाव कुठून आलं, तर त्याच्या सहा वर्षांच्या मुलीकडच्या प्लॅस्टिकच्या पैलवान बाहुल्यांवरून. एकदा फोनवर एक सौदा झाला, ५०,००० डॉलर कमिशन सुटलं आणि त्याच्या डोक्यात हे शब्द उमटले. कोणाला सांगायची त्याची हिंमत नाही, पण आत ते चालूच आहे. म्हणजे विश्वाचा स्वामी पावसात उभा आहे, पायाशी भिजलेला, रुसलेला कुत्रा, आणि त्याने स्वतःच स्वतःला पकडून दिलंय, तेही फोनवर, ज्या फोनवर तो लाखो डॉलर हलवतो. हसू येतं ते स्वतःला समजतो काय आणि आहे काय यातल्या अंतरामुळे. ते अंतर दिसायला त्याच्या डोक्यात शिरावं लागतं. कॅमेरा बाहेर उभा असतो. त्याला दिसतो एक भिजलेला माणूस, आणि तो टॉम हँक्स असेल तर आपल्याला त्याची दयाच येते.

दुसरं उदाहरण, हे मला त्याहून आवडतं. लॅरी क्रेमर नावाचा एक ज्युनिअर सरकारी वकील आहे, पगार बेताचा, घर लहान, नुकतंच मूल झालेलं. कोर्टात ज्यूरीमध्ये तपकिरी लिपस्टिक लावणारी एक मुलगी बसलेली असते आणि तिच्यावर छाप पडावी म्हणून हा बोलता बोलता मानेचे स्नायू फुगवतो. वुल्फ त्या स्नायूचं वैद्यकीय नाव, स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड, पुन्हा पुन्हा घालतो, इतक्या गंभीरपणे की जणू तो स्नायू म्हणजे क्रेमरची सगळी इस्टेट आहे. आता हे नटाला करायला सांगा. तो मान फुगवेल, आपल्याला दिसेल की मान फुगली, बास. त्या लांबलचक शब्दात जी मजा होती, त्या माणसाच्या स्वतःवरच्या भाबड्या विश्वासात जी होती, ती मान दाखवून येत नाही. सिनेमात क्रेमर आहे, सॉल रुबिनेकने केलाय, पण पुस्तकात ज्याच्या डोक्यात आपण तासन्‌तास राहतो तो इथे येऊन जाऊन असलेला माणूस झालाय.

तिसरं, आकड्यांचं. पुस्तकात शर्मन एका ठिकाणी हिशोब करत बसतो, गेल्या वर्षी ९,८०,००० डॉलर मिळाले आणि तरी तो कंगाल होत चाललाय. घर २६ लाखांचं, त्यासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ताच महिन्याला २१,००० डॉलर, वर नोकर, शाळा, पार्ट्या, फर्निचर, एकेक आकडा येत जातो आणि आपण आधी थक्क होतो आणि मग हसायला लागतो, कारण हा माणूस खरंच स्वतःला बिचारा समजतोय. हा विनोद यादीचा आहे, लांबीचा आहे. पडद्यावर कोणी पाच मिनिटं हप्ते वाचून दाखवू शकत नाही. अशा जागांवर मी 'स' आणि 'म' दोन्ही लिहून ठेवते आणि बाजूला एक फुली मारते, म्हणजे हे सिनेमात हरवल्याशिवाय राहणार नाही अशी खूण.

पण याच पुस्तकात उलटं उदाहरणही आहे. बाँड म्हणजे काय ते मुलीला समजावताना शर्मनची बायको ज्यूडी सांगते की समज एक केक आहे, तो तू केलेला नाहीस, तू फक्त दुसऱ्याला तुकडे उचलून देतेस, पण प्रत्येक तुकडा देताना थोडा चुरा खाली पडतो, तो चुरा तुझा. हा शुद्ध 'ब', सगळा बोलण्यात आहे, त्यामुळे तो पडद्यावर आलाय आणि चाललायसुद्धा. हे शोधणं तितकंच गरजेचं आहे नाहीतर आपण सिनेमाला नुसते टोले मारत बसू.

पुस्तकाच्या खुणा झाल्या की सिनेमा दुसऱ्यांदा बघा, यावेळी थांबवत थांबवत. पहिल्या वेळी फक्त बघायचं असतं, आपण कुठे हसलो आणि कुठे हसायला हवं होतं असं वाटून गेलं एवढंच लक्षात ठेवायचं. दुसऱ्या वेळी मी साधारण हे बघते.

गोष्ट कोण सांगतंय? पुस्तक तृतीय पुरुषात आहे, पण निवेदक आळीपाळीने शर्मन, क्रेमर, पत्रकार फॅलो यांच्या डोक्यात जाऊन बसतो. सिनेमात फॅलोचाच आवाज वरून घातलाय, ब्रूस विलिस सगळं सांगतो. म्हणजे पुस्तकात प्रत्येकाला आतून बघितल्यामुळे जो विनोद होत होता त्याच्याऐवजी एकाने बाकीच्यांबद्दल बाहेरून सांगितलेला विनोद आला. वाटायला वाटतं की व्हॉइसओव्हर आहे म्हणजे लेखकाचा आवाज वाचला, पण तसं होत नाही, कारण आवाज कोणाचा आहे यावर सगळं असतं. हे तपासायचा सोपा उपाय म्हणजे व्हॉइसओव्हर असलेल्या सीनचा आवाज पूर्ण बंद करून बघा. चित्रातून तेच कळत असेल तर तो आवाज उगाच आहे. चित्रातून काहीच कळत नसेल तर आवाज टेकू म्हणून लावलाय. चित्र एक सांगतंय आणि आवाज दुसरंच, असं असेल तरच तिथे विनोद व्हायची शक्यता आहे.

मग कास्टिंग. इथे नट चांगला की वाईट हे बघायचं नाही, तो प्रेक्षकाच्या मनात काय घेऊन येतो ते बघायचं. हँक्सचा 'बिग' १९८८ चा, त्याच्याकडे बघून लोकांना आपला शेजारी वाटायचा. शर्मन पुस्तकात उंच, खानदानी, हनुवटी वर करून चालणारा माणूस आहे, त्याचं पडणं विनोदी आहे कारण तो उंचावर आहे. हँक्स मुळातच खाली आपल्यात उभा असतो, तो पडला तर आपण त्याला उचलायला धावतो. फॅलो पुस्तकात इंग्रज आहे, अमेरिकन लोकांच्या जिवावर फुकट दारू पिणारा आणि त्यांनाच मनातून तुच्छ लेखणारा, त्याचा निम्मा विनोद त्या इंग्रजपणात आहे. 'डाय हार्ड' १९८८ मध्ये येऊन गेला होता आणि विलिस त्यावेळी मोठा स्टार होता, म्हणून फॅलो अमेरिकन झाला. जज पुस्तकात कोव्हिट्स्की नावाचा ज्यू म्हातारा आहे, तोंडाचा फाटका, कैद्यांच्या गाडीतून शिव्या आल्या तर उलट त्यांच्यावर थुंकणारा. सिनेमात त्या जागी मॉर्गन फ्रीमन आले, शांत, भारदस्त, सगळ्यांना समज देणारे. आधी त्या भूमिकेसाठी अ‍ॅलन आर्किनला घेतलं होतं. बदलण्याचं कारण समजण्यासारखं आहे, गोष्टीत काळे आणि गोरे असा ताण आहे, बहुतेक काळी पात्रं वाईट प्रकाशात दिसतात, ते कुठेतरी सावरावं असं वाटलं. यातला एकेक निर्णय सुटा बघितला तर कोणालाही पटेल, पण तिन्ही मिळून झालं असं की तिन्ही माणसांच्या अंगातला काटा निघाला, आणि हा विनोद काट्यावरच उभा होता.

कॅमेराही बघा. डी पाल्माने खूप ठिकाणी वाइड अँगल लेन्स लावलीय, खालून, तोंडाजवळ नेऊन, त्यामुळे चेहरे ताणलेले, फुगलेले दिसतात. म्हणजे चित्रच आपल्याला सांगतंय की हे बघा, हे विचित्र लोक आहेत, हसा. पुस्तकात वुल्फ असं कधी सांगत नाही, तो त्या माणसाच्या बाजूने इतक्या जोरात बोलतो की आपोआप उघडं पडतं. तुम्ही घेतलेल्या सिनेमात एक विनोदी सीन निवडा आणि बघा की नट त्या प्रसंगाला गंभीरपणे घेतोय का. घेत असेल तर आशा आहे. नट, कॅमेरा आणि संगीत तिघं मिळून प्रेक्षकाला डोळा मारत असतील तर तिथे हसू मेलेलं असतं, हे मी किती सिनेमांत बघितलंय.

शेवट वेगळा काढून ठेवा, त्याला पूर्ण एक संध्याकाळ द्या. वुल्फच्या कादंबरीचा शेवट वर्तमानपत्रातल्या बातमीच्या रूपात आहे. एक वर्ष उलटलंय, शर्मन अजून खटल्यात अडकलेला, पैसा गेलेला, आणि फॅलोला याच प्रकरणावर पुलित्झर हा पत्रकारितेचा मोठा पुरस्कार मिळालंय. बातमीची भाषा कोरडी, कोणाला काही शिकवत नाही, आणि म्हणून ती झोंबते. सिनेमात काय होतं? गाडी मारियाच चालवत होती हे तिच्याच तोंडून कळणारी एक टेप असते, ती स्वतःची आहे असं शर्मन कोर्टात खोटं सांगतो, सुटतो, आणि मग जज उभे राहून सगळ्यांना सभ्यपणावर भाषण देतात, सभ्यपणा म्हणजे तुमच्या आजीने तुम्हाला शिकवलं ते, वगैरे. फ्रीमन यांचा आवाज आहे त्यामुळे ऐकायला छान वाटतं, पण दोन तास ज्यांच्यावर हसायचं होतं त्यांना शेवटी वर्गात बसवून शिकवलं तर मागचं सगळं हसूही फिकं पडतं. विनोदी कादंबरीचा सिनेमा झाला की शेवटी एखादं भाषण, एखादी मिठी, एखादा पश्चात्ताप जोडलाय का ते नक्की बघा, आणि तो पुस्तकात होता का तेही.

इथपर्यंत आलात की मग पडद्यामागचं वाचा. या सिनेमाच्या बाबतीत आपलं नशीब जोरावर आहे. जुली सॅलमन या तेव्हा वॉल स्ट्रीट जर्नलच्या सिनेसमीक्षक होत्या, त्यांना डी पाल्माने शूटिंगवर, मीटिंगमध्ये, सगळीकडे येऊ दिलं, आणि सिनेमा पडल्यावर १९९१ मध्ये त्यांचं 'द डेव्हिल्स कँडी' हे पुस्तक आलं. इतक्या जवळून, इतक्या समजुतीने लिहिलेलं पुस्तक मी या विषयावर दुसरं वाचलेलं नाही. टर्नर क्लासिक मूव्हीजच्या 'द प्लॉट थिकन्स' या पॉडकास्टचा २०२१ चा सीझनही याच सिनेमावर आहे, त्यात सॅलमन स्वतः बोलतात. हे आधी वाचू नका असं सांगते त्याला कारण आहे, पुस्तक इतकं चांगलं आहे की त्यातली माणसं आवडायला लागतात आणि मग सिनेमाकडे सरळ नजरेने बघता येत नाही. ते वाचताना तुमची अक्षरांची यादी समोर ठेवा, ज्या जागेवर तुम्ही फुली मारलीय तिच्याबद्दल कोणी मीटिंगमध्ये बोललं होतं का ते शोधा. मला जाणवलं ते असं की चर्चा बहुतेक वेळा पात्र लोकांना आवडेल का, कोणाला राग येईल का, खर्च किती, यावर असते. हसू नेमकं कशातून येतंय हा प्रश्न टेबलावर यायला वेळच होत नाही.

वुल्फने स्वतः सुद्धा हे पुस्तक एकदा मोडून परत बांधलं होतं हे इथे सांगायला हवं. आधी ते १९८४ पासून रोलिंग स्टोनमध्ये २७ भागांत छापून आलं आणि त्यात शर्मन लेखक होता, बाँड विकणारा नव्हता. पुस्तक करताना त्याने नायकाचा धंदाच बदलला. म्हणजे बदल करणं हे पाप नाही. बदलल्यावर हसायची जागा वाढली का कमी झाली, एवढंच विचारायचं.

ज्यांना हे जमलं त्यांचंही थोडं बघा, तुलनेसाठी. 'द प्रिन्सेस ब्राइड' ही विल्यम गोल्डमनची १९७३ ची कादंबरी, तिच्यात मध्ये मध्ये टोकणारा निवेदक हाच मोठा गमतीचा भाग. १९८७ च्या सिनेमाची पटकथा गोल्डमननेच लिहिली आणि निवेदकाच्या जागी आजारी नातवाला गोष्ट वाचून दाखवणारे आजोबा आणले, नातू मध्येच अडवतो, आजोबा पान उलटून पुढे जातात. 'स' चं 'ब' करून टाकलं. इतकं साधं वाटतं ना, पण हेच सुचत नाही. आणि 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह' तर पूर्ण उलटा, पीटर जॉर्जची मूळ कादंबरी गंभीर होती, क्युब्रिकने १९६४ मध्ये तिची कॉमेडी केली, तिथे वाचवायला जुना विनोद नव्हताच, त्यामुळे सगळा नवा, पडद्यासाठीच केलेला.

आता शेवटचं काम, हे टाळू नका, नुसतं वाचून बघून हे अंगात मुरत नाही. तुमच्या फुलीवाल्या जागांपैकी एक घ्या आणि तिचा एका पानाचा सीन स्वतः लिहा. नियम एकच, व्हॉइसओव्हर चालणार नाही. मी तो फोनचा प्रसंग घेतला होता. पहिल्या खर्ड्यात शर्मन आरशासमोर उभा राहून स्वतःशीच विश्वाचा स्वामी म्हणतो असं लिहिलं, वाचल्यावर कळलं की हे मनातलं तोंडात कोंबणं झालं, कोणी माणूस असं करत नाही. दुसऱ्या खर्ड्यात त्याचं ऑफिसमधलं फोनवरचं बोलणं आधी ठेवलं, उभा राहून, खांद्यात रिसीव्हर, एका हाताने दुसऱ्याला गप्प बसायची खूण करत, तीन वाक्यांत सौदा पूर्ण. आणि त्याला लागून पावसातला सीन, तसाच खांद्यात रिसीव्हर, तशीच हाताने खूण, फक्त समोर गप्प करायला कुत्रा. मग नंबर, मग बायकोचा आवाज. हे वुल्फच्या पानाइतकं चांगलं नाही, पण निदान त्या माणसाचा स्वतःबद्दलचा समज आता दिसतोय, कोणी सांगायची गरज न पडता. तुम्ही लिहाल तेव्हा असाच एक धागा शोधा, पात्राची एखादी सवय, एखादी वस्तू, जी मोठेपणाच्या सीनमध्येही असेल आणि फजितीच्या सीनमध्येही.

आणि हो, सिनेमा परत ठेवून देण्याआधी त्याच्या दोन जागा नुसत्या आनंदासाठी बघा. एक सुरुवातीचा शॉट, जवळपास पाच मिनिटांचा, कुठेही न तोडलेला. झिंगलेला फॅलो तळघरातल्या पार्किंगमधून छोट्या गाडीत बसून, कॉरिडॉर, लिफ्ट, पार्टीपर्यंत जातो आणि लॅरी मॅकॉन्की स्टेडीकॅम, म्हणजे चालतानाही चित्र हलू न देणारा कॅमेरा, अंगावर घेऊन त्याच्याबरोबर सगळं पार करतो. त्याच वर्षीच्या 'गुडफेलाज' मधला नाइटक्लबचा प्रसिद्ध शॉटसुद्धा मॅकॉन्कीचाच. दुसरा कॉन्कॉर्ड विमान उतरतानाचा, काही सेकंदांचा, सेकंड युनिटच्या, म्हणजे मुख्य शूटिंगपासून वेगळे शॉट घेणाऱ्या तुकडीच्या, एरिक श्वाबने सूर्य बरोबर धावपट्टीच्या रेषेत कधी मावळेल याचं गणित करून घेतलेला. तिथे पॉज करून बघा, त्या लाल गोळ्यापुढे उतरणारं ते चोचीचं विमान.

पुढची जोडी हवी असेल तर 'कॅच-२२' घ्या. जोसेफ हेलरची कादंबरी १९६१ ची, माइक निकोल्सचा सिनेमा १९७० चा, आणि त्याच वर्षी काही महिने आधी, कितीतरी कमी खर्चात केलेला 'मॅश' येऊन लोकांना हसवून गेला होता, तोही युद्धावरचा आणि तोही कादंबरीवरचाच. हेलरमध्ये तुम्हाला सगळ्यात जास्त 'स' सापडतील, वाक्य जिथून सुरू होतं तिथेच गोल फिरून परत येतं. पेन्सिल टोकदार ठेवा आणि आधीसारखीच पहिली साठसत्तर पानं वाचून घ्या, मगच सिनेमा लावा.